घड्याळ स्टुडिओचं होतं



आमच्या आष्टीच्या जुन्या घरात दिवाणखान्याच्या दारावर आजेसासऱ्यांचा एक मोठा फोटो आहे. काळा बंद गळ्याचा कोट, डोक्यावर पगडी, कोटाच्या खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी. डावा हात एका जाड पुस्तकावर. मागे एक उंच खांब, त्याला अर्धवट गुंडाळलेला जड पडदा, पायाखाली गालिचा. लग्न होऊन आले तेव्हापासून दर दिवाळीला तो फोटो मी पुसते आहे. घर पत्र्याचं आणि मागच्या भिंती मातीच्या, तरी हा खांब कुठला, असा प्रश्न मला चाळीस वर्षांत कधी पडला नाही.

प्रश्न पडला नातीला. ती पुण्यात आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत आली, फोटोकडे बघून हसली आणि म्हणाली, "आजी, हा खांब आपला नाहीच. हा युरोपातून आलाय." मग तिने टॅबवर एकामागून एक चित्रं दाखवायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी चौविहाराची वेळ चुकता चुकता राहिली, एवढी मी त्यात रमले.

साधारण इ. स. १६०० ते १७५० या काळातल्या युरोपातल्या कलेला बरोक म्हणतात. अंधारातून उजेडात आलेले चेहरे, कापडाची सळसळ जाणवावी असं रंगकाम, ही त्याची ओळख. त्याआधी मोठी व्यक्तिचित्रं बहुतेक राजांची, सरदारांची, धर्मगुरूंची असायची. या काळात व्यापाऱ्यांच्या हाती पैसा आला आणि ते चित्रकारासमोर अधिकाधिक बसू लागले. तिथल्या अँटवर्प शहरात एका कापड व्यापाऱ्याच्या घरी १५९९ साली व्हॅन डाइक जन्मला. तो इटलीत जेनोआला गेला आणि तिथल्या धनाढ्य घराण्यांची उंचच उंच चित्रं त्याने काढली. मागे खांब, लाल पडदा, पायरीवर उभा माणूस. बघणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी अशी मांडणी. पुढे फोटोग्राफी आली तेव्हा स्टुडिओवाल्यांनी तोच खांब आणि तोच पडदा कापडावर रंगवून मागे टांगला.

आपल्याकडे हे कसं पोचलं, तेही ऐका. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधना गावचे, १८४४ चा जन्म, आणि मैत्रिणींनो, ते आपल्यासारखेच जैन घरातले. रुडकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला सरकारी नोकरी केली आणि मग कॅमेऱ्यात नाव काढलं. निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. १८८६ मध्ये सिकंदराबादला आणि १८९६ मध्ये मुंबईला त्यांचे स्टुडिओ निघाले. पडद्यातल्या बायकांसाठी १८९२ मध्ये हैदराबादला त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता, आणि तिथे फोटो काढायला एक इंग्रज बाई होत्या. मोठ्यांचे फोटो असे निघू लागले की लहान गावचे शेठजीही तसाच फोटो मागणार. तालेवार दिसायचं असेल तर खांब आणि पडदा हवा, हे गावोगावच्या स्टुडिओंनी ओळखलं होतं.

मी बीकॉम झालेली. चित्रातलं मला काही कळत नाही, पण ताळेबंद वाचता येतो. नात एकेक चित्र मोठं करून दाखवत होती आणि मला वाटलं, अगं, हा तर ताळेबंदच आहे! फक्त मालमत्तेची बाजू रंगवली आहे, देण्याची बाजू चौकटीच्या बाहेर ठेवली आहे.

उदाहरणच सांगते. १६३१ सालचं रेम्ब्रांटचं एक चित्र आहे, निकोलास रुट्स नावाच्या व्यापाऱ्याचं. तो रशियाशी व्यापार करायचा. अंगात सेबल नावाच्या प्राण्याच्या फरचा झगा, हातात एक कागद. फर म्हणजे त्याचा मालही आणि ऐटही. तो झगा बघून मला तर पंधरा कर्मादानांची यादीच आठवली, पुढे बघवेना. पण हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं. कोणाचं तरी पत्र, हुंडीसारखं काहीतरी. म्हणजे हा माणूस सांगतोय, माझा शब्द लांबच्या देशात चालतो. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे, पत. पैसा तिजोरीत असतो, पत दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. म्हणून ती दाखवावी लागते.

दुसरी गोष्ट काळ्या कपड्यांची. त्या डच व्यापाऱ्यांची चित्रं पाहिली तर सगळे काळ्यात. मला वाटलं, किती साधी माणसं! नात म्हणाली, "आजी, चांगला काळा रंग फार महाग होता." आमचं कापडाचं दुकान असल्यामुळे हे मला पटकन समजलं. स्वस्त काळा दोन धुण्यांत तांबूस पडतो. गडद, टिकाऊ काळा हवा तर कापड पुन्हा पुन्हा रंगात बुडवावं लागायचं, खाली निळीचा हात द्यावा लागायचा. त्या काळात आपल्या गुजरातेतली सरखेजची नीळ सुरतेहून डच आणि इंग्रज जहाजांत भरून युरोपला जात होती. मग गळ्याभोवतीची ती पांढरी, चुण्याचुण्यांची चाकासारखी कॉलर. तिला खळ घालून एकेक चुणी बसवायला किती तास लागत असतील! ते काम करणारी बाई मात्र कुठल्याच चित्रात नाही. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

ज्या चित्रापाशी मी थांबले ते १६४१ चं आहे. बर्लिनच्या संग्रहालयात असतं. कॉर्नेलिस आन्स्लो आणि त्याची पत्नी आल्ट्ये. आन्स्लो हा ॲमस्टरडॅमचा कापड व्यापारी आणि मेनोनाइट पंथाचा उपदेशकही. मेनोनाइट शस्त्र धरत नाहीत, शपथ घेत नाहीत, साधं राहावं म्हणतात, त्यांच्या प्रार्थनाघरात मूर्ती नाही की चित्र नाही. वाचताना मला आपलं स्थानकच डोळ्यांपुढे आलं. चित्रात टेबलावर मोठमोठे ग्रंथ आणि मेणबत्ती. आन्स्लो हात पुढे करून काही समजावतोय आणि ती मान जराशी कलती करून, हातात रुमाल धरून ऐकते आहे. अंगावर दागिन्यांचा थाट नाही. पण नीट बघा. दोघांच्याही कपड्यांना फरची किनार आहे, टेबलावर दूरदेशीचा गालिचा आहे आणि चित्र सुमारे दोन मीटर रुंद आहे. एवढ्या चित्राचे पैसे कोण देणार? साधेपणा आहे, पण तो महागाचा साधेपणा आहे.

हसू नका हं. सामायिकाला आपण ज्या साध्या पांढऱ्या साड्या नेसून बसतो, त्यांतल्या काहींच्या किमती मला दुकानामुळे माहीत आहेत.

आपल्या शालिभद्राची गोष्ट घ्या. सोळा रत्नकंबलं, एकेकाची किंमत सव्वा लाख मोहरा. राजा श्रेणिकाला एक घ्यायला परवडेना, आणि भद्रामातेने सोळाही घेतली, दोन दोन तुकडे केले आणि बत्तीस सुनांना दिले. सुनांनी पाय पुसून टाकून दिले! राजाच्या कानावर जावी अशीच ती श्रीमंती होती. दिवाळीला वहीपूजनात आपण शालिभद्राची ऋद्धी मागतो. त्याने ती सोडली, हे मात्र वहीत कोणी लिहीत नाही.

तसं पाहिलं तर पत चित्रातच दिसते असंही नाही. रेम्ब्रांटच्याच काळात सुरतेला वीरजी व्होरा होते, लोंकागच्छाचे श्रावक, त्या काळातल्या जगातल्या बड्या व्यापाऱ्यांपैकी एक. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा त्यांचीही हवेली लुटली गेली. पण त्यांची पत आज आपल्याला कशी कळते? ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारातून. कंपनीचे गोरे साहेब त्यांच्याकडून कर्ज घेत होते, त्याच्या नोंदी आहेत. वीरजींची पत दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली होती.

आता आमच्या घरच्या फोटोकडे येते. नात पुण्याला गेली आणि मला सासूबाईंचं एक जुनं बोलणं आठवलं. सासूबाई आज नाहीत. एकदा लोणच्याच्या बरण्या पुसताना त्या सहज म्हणाल्या होत्या, "तो फोटो बघून तर माझ्या वडिलांनी सोयरिकीला होकार दिला. घड्याळवाले व्याही म्हणाले! घरात आले तर घड्याळच नाही. मी आठ दिवस शोधलं. मग कळलं, घड्याळ स्टुडिओचं होतं."

फोटो नगरच्या स्टुडिओत काढला होता. आष्टीहून निजामाची हद्द ओलांडून नगरला जायचं, हाली सिक्क्याचे कलदार करून द्यायचे आणि खांबापुढे बसायचं. त्या वर्षी दुकान तोट्यात होतं. पाऊस नाही म्हणून उधारी वसूल नाही, आणि उधारी नाही म्हणून वरच्या व्यापाऱ्यांचं देणं थकलेलं. घरात मुलाचं लग्न जुळवायचं होतं. अशा वेळी आजेसासऱ्यांनी तो फोटो काढला. हाताखालचं पुस्तक इंग्रजी आहे. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, सगळा कारभार मोडीत!

ऐकून पहिल्यांदा मला राग आला होता. ही तर फसवणूक झाली. मी तसं म्हटलंही. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घड्याळ नव्हतं खरं. पण कोणाचा एक रुपया बुडवला नाही. अकरा वर्षं घरात साखरेचा चहा झाला नाही, गुळाचाच झाला. एकेकाचं खातं फेडलं." ती खतावणी आमच्या माळ्यावर आहे. मोडी यांना थोडीफार वाचता यायची. एकदा यांनी मला ती पानं दाखवली होती. एकेका नावापुढे रक्कम फेडल्याची नोंद, आणि मग खात्यावर तिरकी रेघ. शेवटच्या पानावर सगळ्या रेघाच रेघा. फोटोत मालमत्तेची बाजू होती, देण्याची बाजू त्या खतावणीत होती. दोन्ही मिळून आजेसासरे होते.

रेम्ब्रांटचंही तसंच झालं, फक्त उलटं. दुसऱ्यांची पत रंगवता रंगवता त्याने १६३९ मध्ये १३,००० गिल्डरांचं मोठं घर घेतलं. ते कर्ज त्याला फिटलं नाही. १६५६ मध्ये दिवाळं निघालं, सरकारी माणसांनी घरातल्या वस्तूंची ३६३ नोंदींची यादी केली आणि सगळं विकलं गेलं. पण त्यानंतर सहा वर्षांनी, १६६२ मध्ये, त्याने कापडाची प्रत तपासणाऱ्या पाच पंचांचं जे चित्र काढलं, ते माझं सगळ्यात आवडतं. पाचही जण एका पंथाचे नव्हते, कॅथलिक होते, मेनोनाइट होते. बाजारातल्या रंगवलेल्या कापडाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. काळे कपडे, पांढऱ्या साध्या कॉलरी, लाल गालिच्याचं टेबल, आणि टेबलावर उघडी वही. सोनंनाणं काही नाही. सगळी मान त्या वहीला आहे.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे, ते आता सांगते.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. मुलाने बीडला नवीन शोरूम काढलं आणि त्याच्या मनात आलं की काउंटरच्या मागे पप्पांचं मोठं तैलचित्र लावायचं. फोटोवरून चित्र काढून देणारा एक चित्रकार मिळाला. त्याने कच्चं चित्र फोनवर पाठवलं. मुलगा मला दाखवायला आला. चेहरा हुबेहूब होता. डोळे तर इतके हुबेहूब की मला बोलवेना. पण गळ्यात सोन्याची जाड साखळी होती, बोटांत दोन अंगठ्या, मनगटावर सोनेरी घड्याळ. मागे, तुम्ही ओळखलंत, खांब आणि पडदा!

मी म्हटलं, "अरे, हे कुठून आलं?"

तो म्हणाला, "मम्मी, त्यानेच सुचवलं. सगळे असंच करून घेतात. गिऱ्हाईक बघतं, बँकेचा साहेब बघतो. शोरूमवर केवढं कर्ज आहे, तुला माहीत आहे ना?"

तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या पणजोबांनीही हेच केलं होतं. आणि खरं सांगू? त्या रात्री मी ते चित्र फोनवर चारदा उघडून पाहिलं. मला ते आवडलं होतं. आयुष्यभर गादीवर साध्या सदऱ्यात बसलेला माणूस एकदा तरी असा दिसला, असं वाटलं. आमच्या नात्यात कोणाकोणाच्या दुकानात कसली कसली चित्रं आहेत, तेही आठवलं. मनाला ती चढाओढ लागायला वेळ लागत नाही, वय काही का असेना.

सकाळी प्रतिक्रमण करताना पाचव्या अणुव्रताचे अतिचार आले. सोन्याचांदीची ठरवलेली मर्यादा ओलांडली असेल तर, असे आपण रोज म्हणतो ते शब्द. मी तिथेच अडकले. यांनी पन्नाशीनंतर एका चातुर्मासात महाराज साहेबांकडे परिग्रह परिमाणाचं व्रत घेतलं होतं. त्या दिवशी घरी येऊन हातातली अंगठी काढून माझ्याकडे दिली आणि पुन्हा घातली नाही. लग्नकार्यात लोक विचारायचे, तर हसून म्हणायचे, "बोट हलकं वाटतं." जिवंतपणी या माणसाने व्रत मोडलं नाही. आणि आता तो बोलू शकत नाही म्हणून आपण त्याच्या अंगावर सोनं रंगवायचं? त्याचं व्रत आपण मोडायचं?

आजेसासऱ्यांचं घड्याळ आणि हे सोनं यांत मला फरक दिसला तो हा. आजेसासऱ्यांनी स्वतः ते घड्याळ लावलं आणि त्याची भरपाईही स्वतःच अकरा वर्षं केली. यांच्या गळ्यातली साखळी आपण घालणार, आणि ते तिचा जाब कोणाला देणार?

मुलाला मी रागावले नाही. माळ्यावरची खतावणी काढली आणि चहाच्या वेळी त्याच्यासमोर ठेवली. घड्याळाची गोष्ट त्याला माहीतच नव्हती. बराच वेळ तो त्या तिरक्या रेघांवर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "मम्मी, बँकेला ही वही दाखवता आली असती तर बरं झालं असतं." आम्ही दोघंही हसलो.

चित्रकाराला फोन केला. गंमत बघा, सोनं घालायचे त्याने वेगळे पैसे घेतले नव्हते, काढायचे मात्र मागितले! मुलाने ते दिले. आता चित्रात हे पांढऱ्या सदऱ्यात, लोडाला टेकून बसले आहेत. मागे कापडाच्या ताग्यांची मांडणी आहे. हात उघड्या रोजमेळावर आहे आणि बोटं मोकळी आहेत. सूनबाईंचं म्हणणं पडलं की शोरूमच्या दिव्यांत ते चित्र थोडं फिकं दिसतं. दिसत असेल.

आजेसासऱ्यांचा फोटो मात्र मी होता तसाच ठेवला आहे, घड्याळासकट. नातीने विचारलं, "खोटं घड्याळ आहे तर तो काढायचा नाही का?" मी म्हटलं, "नाही गं. फक्त पाहुण्यांना आता घड्याळाची पूर्ण गोष्ट सांगायची." तिने खतावणीच्या शेवटच्या पानाचा फोटो काढून नेला आहे. फ्रेम करून त्या फोटोशेजारी लावू म्हणते.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असा एखादा फोटो असेलच. या सुट्टीत घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, खांब कुठला, साखळी कोणाची. ती सांगणारी माणसं आहेत तोवरच विचारा. मला सासूबाईंना अजून खूप विचारायचं राहून गेलं.

लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर मनापासून मिच्छामि दुक्कडम.